मुकादमाला काय मिळालं?

ख्रिस्ती बाई शाळेत शिकवते म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. दगडी इमारत, टाय लावलेली मुलं आणि फाटकावर इंग्रजी पाटी. मी शिकवते ती नगर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत. (सरकारी कागदावर जिल्हा आता अहिल्यानगर झाला, बोलताना आम्ही अजून नगरच म्हणतो.) दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. नवे केंद्रप्रमुख आले की हौसेनं म्हणतात, ‘‘वा मॅडम, मग इंग्रजीची काळजीच नाही तुमच्या शाळेला!’’ माझं इंग्रजी त्यांच्याएवढंच आहे. आमच्या घरात चार पिढ्या प्रार्थना मराठीतूनच होते आणि भांडणंही.

नगरकडच्या ख्रिस्ती माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले आणि त्यांनी खेड्यापाड्यांत ज्या शाळा काढल्या, त्या मराठी. १८३९ साली सिंथिया फरार मुंबईहून नगरला आल्या, त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली त्या तिथेच वारल्या. त्यांचं काम जोतीराव फुल्यांनी पाहिलं आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचं शिक्षण घेतलं ते या फरारबाईंकडे. ३ जानेवारीच्या भाषणात मी हे नाव आवर्जून घेते. मुलांना आडनावाचं हसू येतं; पोलीस त्यांना शोधत होते का, असंही एकानं विचारून झालं आहे.

माझे पणजोबा अशाच एका मिशनच्या शाळेत मास्तर होते. नेवासे तालुक्यातलं वडाळा हे मिशनचं मोठं ठाणं. तिथले फेअरबँकसाहेब पक्ष्यांचे नादी होते. तमिळनाडूतल्या पळणीच्या डोंगरात सापडणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचं आडनाव आहे. मास्तरांना असले नाद परवडत नसत. आठवडाभर शाळा, रविवारी उपासना, मधल्या वेळात लोकांची पत्रं वाचून दाखवायची आणि अर्ज लिहून द्यायचे. शाळा भरायची महारवाड्यात नाहीतर मांगवाड्यात. गावच्या शाळेत ज्यांच्या पोरांना ओट्यावरही बसू देत नसत, त्यांची ती शाळा. आम्हीही तिथलेच. पुढे १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. महाराष्ट्रात आम्हाला इतर मागासवर्गाचा दाखला मिळतो. धर्म बदलला की जात सुटली, असं कायदा धरून चालतो. गाव तसं धरत नाही, हे मी माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावी खोली शोधताना पाहिलं.

सकाळी घरात वचन वाचलं जातं, ‘उपासना संगीत’मधलं एखादं गीत होतं आणि मी एसटी पकडते. शाळेत परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष. सरकारच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येणार नाही, असं संविधानाचं अठ्ठाविसावं कलम सांगतं. हे बंधन मला कधी जाचलं नाही. आमच्या मंडळीतल्या काहींना वाटतं, रोज एवढी लेकरं समोर असताना बाईंनी साक्ष द्यायला नको का? मी त्यांना विचारते, तुमचा मुलगा शिकतो त्या शाळेत गुरुजींनी रोज त्यांच्या देवाची साक्ष दिली तर चालेल का? विषय तिथेच थांबतो.

पसायदान मात्र मी मोठ्यानं म्हणते. आमच्या एका पाळकसाहेबांना ते खटकायचं. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशात, वडाळ्याच्याच तालुक्यात. मग ते मागणं आमच्या शेजारघरचं झालं, आणि त्यात कुणाचं वाईट मागितलेलं नाही. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे नगरला राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. ज्यांची गाणी आम्ही रविवारी म्हणतो त्यांना तो पूल चालला, तर सोमवारी मला का चालू नये?

दसऱ्याच्या पाटीपूजनाला एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची असते. ती मी फळ्यावर काढून देते. एकाचा आकडा सरळ रेषेत गिरवायला पहिलीच्या मुलाला याहून चांगला सराव मला तरी माहीत नाही. पूजा मुलं करतात, मी प्रसादाच्या साखरेचं वाटप बघते. हळदीकुंकवाला बोलावणं आलं तर जाते, वाण घेते, कुंकू लावत नाही. यजमानीणबाईंना ते माहीत असतं; त्या नुसतं अत्तर लावतात.

इथपर्यंतचं निभावणं सोपं आहे. अवघड असतं ते दिवाळीनंतरचं.

आमचा भाग ऊसतोड मजुरांचा. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांची सुरुवात याच जिल्ह्यात झाली. प्रवरानगरचा कारखाना १९५० च्या सुमाराला उभा राहिला तेव्हा तो राज्यातला पहिला होता. पण प्रवरेला पाणी आहे आणि आमच्याकडे डोंगर. त्यामुळे ऊस तिकडे पिकतो आणि तोडणारे हात इकडून जातात. एक जोडपं म्हणजे एक कोयता. टोळी जमवणारा मुकादम पावसाळ्यातच आगाऊ उचल देऊन बसलेला असतो, ती लग्नात, दवाखान्यात नाहीतर घराच्या पत्र्यात गेलेली असते. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच टोळ्या निघतात. गाळप मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. मग पट्टा पडतो आणि माणसं परततात.

सुट्टीनंतर शाळा भरते तेव्हा पट तोच असतो, ओळी मोकळ्या. काही मुलं आजीपाशी राहतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मंजुरी वेळेवर आली तर दोन वेळचं जेवण सुरू होतं, उशिरा आली तर आजीची भाकरी आहेच. जी जातात त्यांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो. कारखान्याच्या परिसरातल्या शाळेनं ते पाहून मुलाला बसवून घ्यायचं. कार्ड चांगलं आहे. पण थळावर कोपी घातलेली असते ती शाळेपासून लांब, आणि आईबाप पहाटे फडात गेले की धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतंच. बहुतेक कार्डं आईच्या पत्र्याच्या पेटीतून जातात आणि त्याच घडीत परत येतात.

तिसरीतली एक मुलगी एप्रिलमध्ये आली तेव्हा तिच्या हातांवर पाचटाच्या कापांच्या रेघा होत्या. शाळेसमोरून उसाची ट्रॉली गेली. तिनं मोळ्यांचे थर पाहिले आणि ट्रॉलीत किती टन असेल ते सांगून टाकलं. ड्रायव्हर चहाला थांबला होता, त्याला विचारलं. तिचा अंदाज जवळपास बरोबर निघाला. याच मुलीला हातच्याची वजाबाकी मांडता येत नव्हती आणि जोडाक्षर आलं की ती शब्दच सोडून पुढे जायची. आठवड्यावर संकलित मूल्यमापन आलेलं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट आहे. मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, मग दिवसातून पुन्हा पुन्हा जाऊन आणखी आणतो, अगदी दिवस मावळायला तासभर उरलेला असतानाही. संध्याकाळी कारभाऱ्याला सांगतो, शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर आणि सगळ्यांना दिवसाची ठरलेली मजुरी दे. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. ही गोष्ट मी शब्बाथशाळेत सांगते, शाळेत नाही. देवाची कृपा तोलूनमापून मिळत नाही, असा तिचा अर्थ मला लहानपणी शिकवला आणि मीही तोच पुढे सांगत आले.

एका रविवारी गोष्ट संपल्यावर मागच्या रांगेतल्या मुलानं हात वर केला. ‘‘बाई, मुकादमाला काय मिळालं?’’

गोष्टीत मुकादम नाही, असं मी म्हणायच्या आत दुसरीनं त्याला समजावलं की मजुरी वाटणारा तो कारभारी म्हणजेच मुकादम. मग प्रश्नांची रांग लागली. ह्यांनी उचल घेतली होती का? घेतली असेल तर ती वळती करून घेतली की पुढच्या सालावर टाकली? मजुरी दिवसावर कशी, टनावर का नाही? एक जण म्हणाला, जे शेवटपर्यंत बाजारात उभे होते त्यांना कुणी नेलं नाही म्हणजे ते म्हातारे असतील नाहीतर आजारी, आणि त्यांच्याही घरी खायला लागतंच की. धर्मशास्त्राच्या पुस्तकांत मी यापेक्षा लांबलचक खुलासे वाचले आहेत, यापेक्षा खरा वाचलेला नाही. मुकादमाचं काय झालं याचं उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हतं. गोष्ट सांगणाऱ्यानंही ते दिलेलं नाही.

या मुलांच्या बाबतीत शाळाही उशिरा आलेल्याला तीच मजुरी देते. तिसरीतल्या मुलाला नापास करत नाहीत. पाच महिने फडात गेले तरी ते जूनमध्ये चौथीत बसतं. कागदावर हा त्या मळ्याच्या मालकासारखाच उदारपणा दिसतो. पण मजुराच्या हातात पैसे पडतात, ते लगेच दुकानात चालतात. वरचा वर्ग हातात पडला म्हणून जोडाक्षर वाचता येत नाही. आम्ही त्या मुलीला पुढच्या वर्गात ढकलतो आणि तिचं नुकसान केलं नाही या समाधानात सुट्टीवर जातो, हे मला पटत नाही. आणि तिला त्याच वर्गात ठेवावं, हे तर मुळीच पटत नाही. वर्गातल्या बाकीच्यांना मिळालेले तास तिलाही मिळाले पाहिजेत. ते कुठून तरी काढावे लागतात.

हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीवरून माझं आणि आत्ताच्या पाळकसाहेबांचं गमतीचं भांडण आहे. नव्व्याण्णव रानात सोडून मेंढपाळ एकाला शोधायला जातो, हे त्यांच्या उपदेशात फार सुंदर येतं. मी म्हणते, माझ्या जोडीच्या गुरुजींना मतदारयादीच्या, म्हणजे बीएलओच्या, कामाला नेलं की चार वर्ग माझ्याकडे असतात. मी एकाला शोधायला गेले तर नव्व्याण्णव भिंतीवरून उड्या मारतील. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानं शिक्षकांना शाळेबाहेरच्या कामातून मोकळं केलं. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक तेवढी ठेवली. आणि निवडणुकीचं काम बारा महिने पुरतं. यावर पाळकसाहेब म्हणाले, ‘‘बाई, मेंढपाळाचंही डोकं फिरलेलंच होतं.’’ त्यांच्या रविवारच्या उपदेशांपेक्षा हे मला जास्त आवडलं.

तास काढले ते संध्याकाळचे. आजीपाशी राहिलेल्या मुलांना हिवाळ्यात दिवेलागणीनंतर दीड तास बसवायचं आणि परतणाऱ्यांना मे महिन्यात ऊन चढायच्या आत. जागेचा प्रश्न आला. शाळेच्या खोल्यांत उजेड पुरत नव्हता. आमच्या चर्चची एक खोली रिकामी असते आणि पंचांनी ती आनंदानं दिलीही असती. मी मागितली नाही. रात्रीच्या वेळी चर्चमध्ये गावची पोरं बसवली तर चार दिवसांत काय बोललं जाईल, ते मला माहीत होतं. बोलणारे नेहमी गावातलेच असतात असंही नाही, आजकाल ते बाहेरूनही येतात. त्यांना खुलासे देत बसले असते तर वाचन मागे पडलं असतं.

म्हणून मी मारुतीच्या देवळात गेले. सभामंडप मोठा, फरशी गुळगुळीत, ट्यूबलाइट दोन. देवस्थानच्या अध्यक्षांना म्हटलं, मंडप संध्याकाळी द्या. त्यांनी विचारलं, ‘‘बाई, तुम्हाला चालेल का?’’ मी म्हटलं, मला चालतं, मारुतीला विचारा. ते हसले आणि किल्ली गुरवाकडे असते म्हणाले. गुरवाचा नातू पहिल्या दिवसापासून पुढे बसतो. आरतीची वेळ झाली की वह्या गुंडाळून सगळी उठतात. मी बाहेर पारावर बसून तपासणी करते आणि आरती झाली की पुन्हा आत.

नाताळात मी मंडपातच करंज्या-चकल्यांचा डबा नेते. आमचा फराळ दिवाळीचाच, फक्त दोन महिने उशिरा. मुलांच्या दृष्टीनं ही फार सोयीची व्यवस्था आहे. त्यांची दिवाळी आईबापांच्या घाईत उरकलेली असते.

या वर्षी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दसऱ्याच्या आधीच दिला आहे. मंडपातली एक ट्यूबलाइट उडाली आहे, ती बदलायला सांगितली आहे. सप्ताहाचे सात दिवस आम्हाला समाजमंदिरात हलावं लागेल, आणि तिथे पंखा आहे पण दार लागत नाही.