यंत्रावांचून

आमच्या जुन्नरास विमानाची खरी ओळख झाली ती अपघातानें. 1962 सालच्या जुलै महिन्यांत, ऐन पावसाळ्यांतील एका मध्यरात्रीं, सिडनीहून रोमकडे निघालेलें एक इटालियन प्रवासी विमान मुंबईस उतरण्यासाठीं खालीं येऊं लागलें आणि जुन्नरच्या डोंगरावर आदळलें. आंतील 94 जणांपैकीं एकही वांचला नाहीं. मी तेव्हां आठ वर्षांचा होतों. त्या दिवसापासून घरांत विमानाचें नांव निघालें कीं आईची नजर नकळत देवघराकडे वळे.

पुढें पुण्यास शिकणाऱ्या माझ्या पुतण्यानें हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रांत जाण्याची परवानगी मागितली, तेव्हां आमच्या घरांत काय झालें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. आई सत्तरीची होती. "ज्याला यंत्रच नाहीं त्याचा भरंवसा काय?" एवढेंच ती म्हणाली, आणि "आधीं तूं पाहून ये" असें मला फर्मावलें.

1950 सालीं स्थापन झालेलें हें केंद्र एके काळीं शहराबाहेर होतें. मी गेलों तेव्हां घरें कुंपणाला येऊन भिडलीं होतीं. आंत मात्र मोकळें मैदान. दूरवरचें यंत्र तारेचा दोर गुंडाळूं लागे, तसें त्याला अडकविलेलें ग्लायडर पतंगासारखें वर चढे. उंचीवर गेल्यावर दोर सुटे. मग पंख आणि वारा एवढींच साधनें. घार जेथें पंख न हालवितां वर जाते, तेथें तापलेली हवा वर चढत असते, हेंही शिक्षकांनीं दाखविलें.

"उतरतांना चुकलें तर?" मीं विचारलें.

"पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करतां येत नाहीं. म्हणून आपण कोठें आहों, किती उंच आहों, हें क्षणोक्षणीं ओळखावयास आम्ही पहिल्या दिवसापासून शिकवितों."

मी चमकलों. जुन्नरच्या अपघाताच्या चौकशींतून निघालेलें कारण मला ठाऊक होतें. मुंबई जवळ आली असें वैमानिकास वाटलें. वस्तुतः ती दूर होती, आणि वाटेंत डोंगर होते. त्या विमानास चार इंजिनें होतीं. चुकलें तें अंतराचें भान.

घरीं येऊन हें सारें आईला सांगितलें. ती बराच वेळ गप्प राहिली. मग नातवाला म्हणाली, "जा, पण उतरलास कीं लगेच फोन कर."

त्या दिवशीं फोन येईपर्यंत ती जेवली नाहीं. पण तिनें त्याला अडविलेंही नाहीं.