घोट्याखाली थांबलेला जोडा

दिवसभराच्या चालण्याने पाऊल किंचित फुगलेले असते, म्हणून जोडे घ्यायला संध्याकाळीच निघावे, हा वडिलांचा दंडक मी आजतागायत पाळत आलो आहे. आणि त्या दंडकाबरहुकूम गेल्या महिन्यात दिवेलागणीच्या सुमारास लक्ष्मी रस्त्यावरील एका दुकानात बसलो असता, नाना रंगांच्या जिनसांच्या त्या आराशीतून माझी दृष्टी एका पांढऱ्या, बिनगाजावाजाच्या, घोट्याखालीच थांबलेल्या कॅनव्हासच्या जोड्यावर जाऊन स्थिरावली.

कापड आणि रबर यांचा हा संसार काही फार पुरातन नव्हे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत ठिसूळ होऊन तडके. गंधक मिसळून तापवले असता ते या दोन्ही व्याधींतून मुक्त होते, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला १८३९ मध्ये उमगले आणि १८४४ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. ज्याच्या शोधावर पुढे अवघे जग चालू लागले, तो मनुष्य १८६० मध्ये कर्जाच्या ओझ्याखालीच वारला, ही गोष्ट असा जोडा हाती घेताना मला हटकून आठवते आणि मन क्षणभर खिन्न होते. कॉन्व्हर्स कंपनीचा ‘ऑल स्टार’ १९१७ मध्ये बास्केटबॉलसाठी निघाला तो घोटा झाकणारा. त्याचा घोटा मोकळा ठेवणारा आखूड अवतार यायला १९५७ साल उजाडावे लागले. मला विचाराल तर तो अवतारच खरा देखणा. कारण घोट्याच्या हाडापाशी कापड संपते तिथेच पावलाची डौलदार रेषा सुरू होते, आणि विजार असो वा साडी, कोणत्याही वस्त्राशी त्याचे भांडण होत नाही.

मी दोन्ही पायांत जोडे चढवले, कारण उजवे पाऊल आणि डावे पाऊल मापाला क्वचितच सारखे असते, आणि नाड्या बांधून उभा राहिलो. अंगठ्यापुढे बोटभर जागा होती. टाच उचलली तरी जोडा मागे सुटत नव्हता. चवडा वळतो नेमक्या त्याच जागी तळ वळत होता. पायाच्या आतल्या अंगाला, कमानीजवळ, हवा खेळावी म्हणून ठेवलेली धातूच्या कड्यांची दोन भोके होती, त्यांवर मी बोट फिरवले. तळ मात्र सपाट आणि पातळ असतो, हे कबूल केले पाहिजे. ज्यांच्या पावलांना कमानीचा आधार हवा त्यांनी आत वेगळी गादी घालावी, अथवा दुसरा जोडा पाहावा. रूपावर भाळून पावलांना शिक्षा देऊ नये.

नव्या रबराच्या त्या उग्र वासाने मात्र मला थेट शाळेच्या कवायतीत नेऊन उभे केले. आदल्या रात्री कॅनव्हासचे बूट धुवावे, ओल्या कापडावर पांढरे फासावे, खिडकीत ते उभे करून ठेवावे, आणि सकाळी वाळले नसतील तर खडू घासून मैदान गाठावे, असा तेव्हाचा शिरस्ता होता. ओलसर बुटांचा तो गारवा अजून तळव्यांना आठवतो.

आज महिन्याभरात या नव्या जोड्याची शुभ्रता उणावली आहे. करंगळीपाशी कापड थोडे फुगले आहे, चवड्याच्या जागी एक आडवी सुरकुती पडली आहे. उंबऱ्याशी घरातल्या साऱ्यांच्या वहाणा एकात एक पडलेल्या असतात. सकाळी फिरायला निघताना चष्मा लावण्यापूर्वीच, त्या सुरकुतीवरून बोट फिरवून मी माझा जोडा ओळखतो.