पोराला कॅमेरा घेऊन देऊ का?

अलीकडे गावातली बैठक संपून चहा आला, की बी-बियाण्याच्या प्रश्नांबरोबर हाही एक प्रश्न हमखास येतो. मुलगा बारावी होऊन घरी असतो. लग्नसराईत फोटोवाल्याबरोबर हिंडून त्याने थोडे काम पाहिलेले असते आणि आता त्याला स्वतःचा कॅमेरा हवा असतो. सोयाबीनचे पैसे नुकतेच हाती आलेले, रब्बीचे बी-खत अजून घ्यायचे, आणि आई मुलाच्या बाजूने. मग वडील म्हणतात, "साहेब, आता तुम्हीच सांगा."

मी शिकलो ते शेतीशास्त्र. पण गेली काही वर्षे माझे निम्मे काम फोटोवर चालते. शेतकरी रोगट पानाचा फोटो फोनवर पाठवतात आणि खाली एक ओळ असते, "कोणते औषध मारू?" त्या फोटोवर औषध ठरते, म्हणजे पंपामागचा खर्च ठरतो, आणि कधी कधी हंगामही. तेव्हा बरा फोटो कशाने निघतो आणि त्याला किती पैसे लागतात, याचा विचार मला करावाच लागला.

वडिलांना मी उलट विचारतो, कॅमेरा कोणत्या कामाला हवा? शेताच्या कामाला हवा असेल तर घेऊ नका. घरात जो त्यातल्या त्यात बरा फोन आहे तो पुरतो. शिवाय काही कामे फोनवरच होतात. आपल्या राज्यात २०२१ साली ई-पीक पाहणी सुरू झाली. तिच्यातला फोटो शेतात उभे राहून त्या अ‍ॅपमधूनच काढावा लागतो. तिथे पन्नास हजारांचा कॅमेरा गळ्यात असला तरी काही उपयोग नाही.

फोनवरचे फोटो बिघडतात त्याची कारणे फार साधी असतात. तंबाखू-चुना मळलेल्या बोटांचे ठसे काचेवर असतात, म्हणून सगळे धुक्यातून काढल्यासारखे दिसते. जुन्या धुतलेल्या धोतराचा मऊ तुकडा खिशात ठेवावा आणि फोटोआधी काच पुसावी. भर दुपारी फोटो काढू नये. उन्हात पान चकाकते आणि डागाचा खरा रंग उडून जातो. सकाळी आठ-नऊचा उजेड उत्तम. दुपारीच काढायचा झाला तर कोणाला तरी छत्री धरायला सांगून पानावर सावली करावी. वारा असेल तर देठ बोटांत धरून पान स्थिर करावे. आणि दोन बोटांनी चित्र ताणून मोठे करण्याची सवय सोडावी, त्याने नवे काही दिसत नाही, आहे तेच फुगते. फोन वीतभर अंतरावर न्यावा, पडद्यावर डागावर बोट टेकवावे, चित्र स्वच्छ होईपर्यंत थांबावे आणि मगच काढावा. अगदी खेटून धरला तर फोनला दिसत नाही, हे लक्षात असू द्यावे.

एक फोटो मात्र कधीच पुरत नाही. द्राक्षाचेच पाहा. केवडा आणि भुरी, दोन्हींत पानावर पांढरे दिसते. केवड्यात वरून तेलकट पिवळसर डाग आणि त्याच जागी पानाखाली पांढरी बुरशी. भुरीत राख भुरभुरावी तशी पांढरी भुकटी, बहुधा वरच्या बाजूला. भुरीवर गंधक चालते, केवड्यावर त्याचा उपयोग नाही. आता पानाच्या एकाच बाजूचा धूसर फोटो आला, तर सांगणाऱ्याने काय सांगावे? ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ, ओल्या हवेत केवड्याला चार दिवस मोकळे मिळाले तर घड हातचे जातात. म्हणून शेताचा लांबून एक, पूर्ण झाडाचा एक, रोगट पानाचे वरून आणि खालून असे दोन, आणि शेजारच्या निरोगी पानाचा एक, एवढे फोटो काढावेत. डागाशेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवले तर फारच बरे. ते २७ मिलिमीटर रुंद असते, त्यावरून डाग किंवा अळी केवढी याचा अंदाज इथे बसून करता येतो.

मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात २०१८ साली प्रथम आढळली. तेव्हापासून पोंग्यात दिसेल ती अळी हीच, असे समजून फवारे मारणारे मी पुष्कळ पाहिले. तिची ओळख सोपी आहे. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी खूण, आणि शेपटाच्या थोडे अलीकडे चौकोनात बसवलेले चार काळे ठिपके. या दोन खुणा फोटोत आल्या की विषय संपला. अळी हलते, हे खरे. तिला पांढऱ्या कागदावर किंवा ताटलीत घ्यावे आणि चार-पाच फोटो लागोपाठ काढावेत, त्यांतला एक तरी लागतो.

लाल कोळी, फुलकिडे यांसारख्या बारीक किडींपुढे नुसता फोन हरतो. कोळी अर्धा मिलिमीटरही धड भरत नाही. तिथे पहिला खर्च करावा, पण तो दोन-चारशे रुपयांचा. एक दहा पट मोठे दाखवणारे हातभिंग घ्यावे आणि ते फोनच्या काचेला चिकटवून धरावे, की कोळ्याचे पाय मोजता येतात. चिमट्यासारखी फोनवर बसणारी भिंगेही मिळतात, तीही चालतात. हातभिंगाचा फायदा असा, की फोन घरी विसरला तरी डोळ्याला लावून काम होते. माझ्या मते प्रत्येक बागाइतदाराच्या खिशात ते असावे.

फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो आकसून लहान करते आणि नेमकी बारीक खूण पुसली जाते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. घरातल्या शाळकरी मुलीला सांगा, ती एका मिनिटात दाखवील. गारपीट, अतिवृष्टी झाली तर पाणी ओसरायच्या आत, फोनचे लोकेशन चालू ठेवून, बांधावरची ओळखीची खूण, विहीर किंवा झाड, मागे येईल असे फोटो काढून ठेवावेत. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत शेताचे रूप बदललेले असते.

आता मुलाकडे वळू. त्याला लग्न-बारशांचे फोटो काढून चार पैसे मिळवायचे असतील, किंवा बचत गटाच्या पापड-लोणच्यांचे, रोपवाटिकेच्या कलमांचे विक्रीसाठी चांगले फोटो हवे असतील, तर कॅमेऱ्याला अर्थ आहे. पण पहिल्या दिवशी नवा कोरा नको, आणि व्याजाने पैसे काढून तर मुळीच नको. आधी तालुक्याच्या ठिकाणाहून दिवसाच्या भाड्याने घेऊन त्याला दोन-तीन कार्ये करू द्या. आमच्या भागातल्या एका मुलाने असे केले आणि तिसऱ्या लग्नानंतर स्वतःच बापाला म्हणाला, "दादा, रात्रीच्या वरातीत पाच तास उभे राहणे मला जमायचे नाही." त्यांचे रब्बीचे पैसे वाचले. दुसऱ्या एकाला मात्र गोडी लागली, त्याने जुना कॅमेरा घेतला आणि आता तो कमावतो आहे.

जुना का, तर मोठे फोटोवाले आता मिररलेस नावाच्या नव्या जातीच्या कॅमेऱ्यांकडे वळले आहेत आणि त्यांचे डीएसएलआर कमी किमतीत बाहेर पडत आहेत. निकॉन, कॅनॉन यांची दहा वर्षांपूर्वीची साधी मॉडेलेही शिकणाऱ्याला पुष्कळ आहेत. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. सहा बाय चार इंचाचा छापील फोटो तीनशेच्या बारकाईने काढायला दोन मेगापिक्सेलपेक्षा थोडे जास्त लागते. बारा-सोळा म्हणजे चैन झाली.

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, तसा जुना कॅमेरा दिवसाउजेडी, स्वतःचे कार्ड घालून पाहावा. लेन्स सुटी करून पलीकडून विजेरी धरावी. आत कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, असली लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. मग छिद्र अगदी बारीक करून, म्हणजे आकडा सोळावर ठेवून, मोकळ्या आभाळाचा फोटो काढावा. त्यात काळे ठिपके दिसले तर आतल्या सेन्सरवर धूळ आहे. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही, पण भाव कमी करायला दोन्ही उपयोगी. शटर किती वेळा पडले तेही विचारावे. साध्या मॉडेलचे शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेले असते. निकॉनच्या फोटोतच हा आकडा नोंदलेला असतो. कॅनॉनच्या बऱ्याच मॉडेलांत तो सहज दिसत नाही, विकणाऱ्याकडून काढून घ्यावा. बॅटरी फुगलेली नसावी, चार्जर मूळचा असावा. आणि बिलावरचा नंबर कॅमेऱ्याच्या बुडावरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे. बिल नसेल तर स्वस्त मिळतो म्हणून हात घालू नका, चोरीचा माल निघाला तर कॅमेरा जातो आणि पोलिसपाटलाच्या दारात उभे राहावे लागते ते वेगळेच.

सोबत येणारी अठरा-पंचावन्नची लेन्स लोक उगीच हलकी समजतात. वर्षभर तीच वापरावी. किडी-फुलांचे फोटो त्याच लेन्सवर जवळून काढायचे असतील तर एक्स्टेन्शन ट्यूब म्हणून पोकळ कडी मिळते, तिच्यात काचच नसते, म्हणून ती स्वस्त. फक्त आत धातूचे संपर्क असलेली घ्यावी, नाहीतर छिद्राचे नियंत्रण जाते. कार्ड ओळखीच्या दुकानातून बिलासह घ्यावे, बाजारात नकली फार. मोठे एक घेण्यापेक्षा बत्तीस जीबीची दोन बरी, एक बिघडले तर निम्मे लग्न तरी हाती राहते.

राहता राहिली निगा. मळणीच्या धुरळ्यात लेन्स बदलू नये, फवारणी चालू असताना कॅमेरा शेतात नेऊ नये. पावसाळ्यात कातडी पिशवीत घालून फडताळात ठेवला तर बुरशी धरते, कोकणात तर एका हंगामात. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा आणि त्यात सिलिका जेलची पुरचुंडी टाकावी. तांदूळ टाकू नयेत, त्यांचा कोंडा आत जातो. जेलचे निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की मंद आचेवर परतून पुन्हा निळे करता येतात. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्ट असते, तेव्हा त्यासाठी जुना, टाकून दिलेला तवा वेगळा ठेवावा, भाकरीचा घेऊ नये.