सुटका

गेल्या महिन्यात माझ्या पुतणीने मला एक साधा प्रश्न विचारला. तिचे पहिले बाळंतपण अतिशय कष्टाचे झाले होते आणि आता तिला पुन्हा दिवस गेले आहेत. ‘काकू, दुसऱ्या वेळी तुम्ही दवाखाना कसा निवडलात?’ या वर्षी अभ्यागत प्राध्यापक म्हणून रायपूरला आल्यापासून मी चौबे कॉलोनीतील आमच्या सासरच्या घरीच राहते आहे. उत्तरादाखल मी कपाटातून एक जुना लिफाफा काढला. त्यात माझ्या दोन्ही बाळंतपणांचे कागद आहेत. दोन पाठ शेजारी ठेवून वाचणे हा माझा व्यवसाय. पण हे दोन पाठ मी त्या दिवसापर्यंत शेजारी ठेवले नव्हते.

पहिले बाळंतपण २००९ च्या नोव्हेंबरात, माहेरच्या शहरातील एका नावाजलेल्या प्रसूतिगृहात झाले. अठरा तास कळा सोसल्यानंतर एकाएकी धावपळ झाली, कोणीतरी एका कागदावर माझी सही घेतली आणि मला शस्त्रक्रियेच्या खोलीत नेले. काय बिघडले होते हे मला कोणी सांगितले नाही. आईला तर दाराबाहेरच थांबवले होते. घरी निघताना हाती आलेल्या कागदावर शस्त्रक्रियेने प्रसूती झाल्याची आणि आई व बाळ सुखरूप असल्याची एवढीच नोंद होती. भेटायला येणाऱ्या बायका म्हणत, ‘सुटका झाली ना? मग झाले तर!’ बाळंतपणाला ‘सुटका’ म्हणणारी आपली भाषा मोठी करुणामय आहे. पण या शब्दाने विषय मिटतो. सुटलेल्या बाईने पुन्हा मागे वळून ‘असे का झाले?’ म्हणून विचारायचे नसते. मी ते विचारले नाही. रात्री दचकून जागी होत राहिले, एवढेच.

२०१२ साली दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मी रायपुरात होते. पहिले बाळंतपण माहेरी, दुसरे सासरी, ही आपल्याकडची रीत. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी वस्ती असलेल्या या शहरात सल्ला देणाऱ्या बायकांची वाण नव्हती. सासूबाईंच्या महाराष्ट्र मंडळातील मैत्रिणींनी दवाखान्यांची नावे सुचवली, त्यांमागची कारणेही सांगितली: घरापासून जवळ, खोल्या स्वच्छ, डॉक्टरीणबाईंच्या हाताला यश. आमच्याकडे कामाला येणारी छत्तीसगढी बाई मात्र निराळेच बोलली. तिच्या बोलीत ‘दाई’ म्हणजे आई. हिंदीत तोच शब्द सुईणीला लागतो. ती म्हणाली, जिच्यापुढे रडता येईल तिच्याकडे जा.

माझी भीती मात्र शब्दांत मांडता येत नव्हती. वाचू लागले तेव्हा तिला आकार आला. एकदा पोट उघडले की पुढील प्रत्येक प्रसूती तशीच, असे मत न्यूयॉर्कचे एडविन क्रॅगिन यांनी १९१६ साली मांडले होते. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या भागावर उभा छेद घेत. पुढे खालच्या भागावरील आडवा छेद रूढ झाला. तो पुढच्या कळांत अधिक टिकाव धरतो. म्हणजे माझा आतला छेद कोणता होता यावर सारे अवलंबून होते, आणि तो पोटावरच्या व्रणावरून कळत नाही. कागदावरही त्याचा उल्लेख नव्हता. रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपावीत आणि मागितल्यास बहात्तर तासांत द्यावीत, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. तीन वर्षे भरायला काही महिनेच उरले होते. वडिलांनी तीन खेपा घातल्या, तेव्हा शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत मिळाली. छेद आडवा होता. कारणाच्या जागी दोन शब्द होते: प्रगती नाही. अठरा तासांचा तो अर्थ मी पहिल्यांदाच वाचत होते.

तो कागद घेऊन मी तीन ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणी खोल्या फार सुंदर होत्या; परंतु माझ्या प्रश्नांची उत्तरे माझ्या यजमानांना मिळत होती. दुसरे ठिकाण घराच्या अगदी जवळ. तेथील डॉक्टरीणबाई सरळपणे म्हणाल्या की रात्री भूल देणारे डॉक्टर आणि रक्त यांची हमी त्या देऊ शकत नाहीत. तेव्हा नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न त्यांच्याकडे करू नये. त्या नकाराबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. तिसरे ठिकाण दूर होते आणि इमारत जुनी. तेथील डॉक्टरांनी आधी टिपण वाचले, मग ते बाजूला ठेवून म्हणाल्या, ‘अब आप बताइए.’ मी सांगितले, मध्येच रडलेही. त्यांनी आकडे सांगितले. अशा चार बायकांपैकी सुमारे तिघींची प्रसूती नैसर्गिक होते. दोनशेंत एखादीचा जुना व्रण उकलतो, आणि तसे झाले तर मिनिटांचा हिशोब असतो. म्हणून शस्त्रक्रियेची सारी तयारी त्याच छताखाली हवी. ती तेथे होती. मी तेथे नाव घातले.

रुग्णालय पारखण्याची बायकांची बुद्धी जुनी आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते; एक विद्यार्थी-डॉक्टरांचा, दुसरा सुइणींचा. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरांमागे अकरांहून अधिक माता दगावल्या. दुसऱ्यात तिघींहूनही कमी. १८४७ साली सेमेलवाइसने शवविच्छेदन करून येणाऱ्या हातांचा दोष ओळखला. पण त्याआधीच गरीब बायका पहिल्या विभागात न पाठवण्याबद्दल गुडघे टेकून विनवीत असत. कारण त्यांना ठाऊक नव्हते. फरक ठाऊक होता. आपल्या आनंदीबाई जोशींनी चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावले. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला.

माझी दुसरी प्रसूतीही शस्त्रक्रियेनेच झाली. दहा तासांच्या कळांनंतर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू लागले. डॉक्टर उशाशी आल्या, माझा हात धरून दोन वाक्यांत काय घडते आहे ते सांगितले आणि विचारले, ‘चलें?’ मी होय म्हटले. वरवर पाहता दोन्ही वेळा तेच घडले. पण या वेळी मी रात्री दचकून उठले नाही. घरी नेलेल्या कागदावर वेळ, कारण आणि छेद, सारे स्वच्छ लिहिलेले होते.

पुतणीने दोन्ही कागद वाचले आणि त्या दवाखान्याचे नाव विचारले. मी ते सांगितले नाही; इतक्या वर्षांत तेथील माणसे बदलली असतील. मी तिला विचारले, ‘तुझ्या पहिल्या वेळचे टिपण तुझ्याजवळ आहे का?’ नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी मिळून त्याच्या मागणीचा अर्ज लिहिला.