चिरंजीव की तीर्थरूप

माझा वाढदिवस एक जूनला येतो. नायगावात आमच्या गल्लीत माझ्या वयाची जेवढी माणसं आहेत, त्यातल्या निम्म्यांचा त्याच दिवशी येतो. शाळा जूनात उघडायची, गुरुजी घरोघर फिरून पोरं गोळा करायचे आणि ओट्यावर उभं करून सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. माझी बोटं म्हणे केसांतच अडकली. गुरुजींनी माझी मान जराशी कलती केली, कान वर आला, आणि रजिस्टरात १ जून १९७२ अशी नोंद पडली. आई मात्र शेवटपर्यंत सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची तेव्हा मी पोटात होतो. म्हणजे सरकार दरबारी जन्मून मी रांगायला लागलो होतो, तेव्हा खरा मी अजून यायचाच होतो. गुरुजींनी मला वर्षभर मोठं केलं. त्याची भरपाई म्हणून आता निवृत्तीही वर्षभर आधी.

आमच्याकडं वय असंच मोजत आले. आजीचं वय रझाकारांपासून, काकाचं दुष्काळापासून, चुलतभावाचं किल्लारीच्या भूकंपापासून. ‘भूकंपात पाळण्यात होता’ म्हटलं की १९९३ हे साल सांगायची गरज नसते. आकडा ढिसाळ होता, पण माणूस समोर असायचा. कोण केवढा आहे, कुणाला काय बोलावं, कुणाचं किती मनावर घ्यावं, हे रजिस्टर न उघडता कळायचं.

गेल्या वर्षी दिवाळीत भाचा माझ्या शेजारी येऊन बसला. वय बारा, सातवीत. त्याला फेसबुकवर खातं उघडायचं होतं; खेळासाठी नाही, रील्ससाठी नाही, बैलांसाठी. या पोराला लाल कंधारीचं वेड आहे. शेजारच्याच कंधारचं नाव लावणारी ही जात, अंगानं गर्द तांबडी, डोळ्यांभोवती काजळाची रेघ. खरेदी-विक्रीचे मोठमोठे ग्रुप आहेत, त्यात त्याला शिरायचं होतं. पडद्यावर सालांचं चाक आलं. बोटानं फिरवलं की वर्षं खाली घरंगळत जातात. तेराच्या आत असाल तर दार बंद.

“मामा, कोणतं साल टाकू?”

मी काही बोललो नाही. त्यानंच मार्ग काढला. “तुमचंच टाकतो. एक जून, लक्षात राहतं.” मी हसलो. नको म्हणालो नाही. गुरुजींनी माझी मान कलती केली होती, मी त्याची केली. अर्ध्या मिनिटात पोरगं पन्नाशी ओलांडून पलीकडं गेलं. फोटोच्या जागी त्यानं एक तगडा बैल लावला.

हा तेराचा आकडा आला कुठून, हे मी नंतर वाचलं. मला वाटलं होतं, कुणीतरी मानसशास्त्रज्ञांनी बसून ठरवलं असेल की तेराव्या वर्षी अक्कल येते. तसं काही नाही. १९९८ साली अमेरिकेत कायदा झाला, की तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायची तर आधी आईबापांना विचारा. विचारत बसण्यापेक्षा तेराच्या आतल्यांना दारातूनच परत पाठवणं कंपन्यांना सोपं. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून ही रेघ सोळावर नेली. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरापर्यंत मूलच धरलंय, आणि त्याची माहिती वापरायला आईबापांची पडताळता येईल अशी संमती हवी. कायदा चांगलाच आहे. पण आमच्या घरी सिमकार्ड ताईच्या नावावर, आधार भावजींचं आणि फोन चिरंजीवांच्या हातात. संमतीचा ओटीपी ज्याच्या हातात येणार, तोच ती देणार.

आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की अठराच्या आतल्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं, निदान त्या ग्रामसभेला कुणाचं लेकरू केवढं आहे हे ठाऊक तरी असेल. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला. दीड तास घरातल्या सगळ्यांनी टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे. तो भोंगा मला जास्त आवडतो. तो कुणाचं वय विचारत नाही.

तर भाचा ग्रुपमध्ये गेला आणि लोक त्याला ‘मालक’ म्हणायला लागले. “मालक, गोऱ्हा कितीला द्यायलाव?” हा उत्तरं द्यायचा, तुम्ही-आम्ही लावून, तोलून-मापून. ताईनं कौतुकानं मला दाखवलं. मीही वाचलं आणि खरं सांगतो, त्याच्या वाक्यांत पोरपण कुठं दिसेना. बैलांबद्दल तो माझ्यापेक्षा जाणता आहेच. चांगदेवाची गोष्ट मला तेव्हाच आठवायला हवी होती. चौदाशे वर्षांचा योगी, ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यावरच अडला. वयानं लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं तर ज्ञानानं मोठे. ‘तीर्थरूप’ लिहावं तर वयानं लहान. शेवटी कोरा कागद पाठवला. मुक्ताबाई हसली म्हणतात, आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या गेल्या. दंतकथा असेल, पण चांगदेवाला निदान समोरचा लहान आहे हे माहीत होतं, म्हणून तर तो अडला. बैलाचा फोटो बघून कोण अडणार?

माळेगावची यात्रा जवळ आली तसा ग्रुप तापला. अहमदपूरकडच्या एका गृहस्थांनी बैल विकायला टाकला, खाली मोबाइल नंबर, वर ‘अस्सल लाल कंधारी’. भाच्यानं खाली लिहिलं, “शुद्ध नाही. पोटाखाली पांढरा ठिपका आहे. लोकांना फसवू नका.” पुढं जे आलं ते मी इथं लिहिणार नाही. आईवरून होतं, बहिणीवरून होतं, आणि मग दुसऱ्या चार जणांचं. पोरगं दोन दिवस जेवलं नाही. का ते सांगेना. ताईनं शेवटी फोन काढून घेतला तेव्हा कळलं.

हेच वाक्य तो माळेगावच्या बाजारात, बैलाच्या पुढ्यात उभं राहून बोलला असता तर काय झालं असतं? चार माणसं हसली असती. मालकानं फार तर कान पिळला असता, “लई शाना हायस की रं, कुणाचा तू?” आणि बहुधा चहा पाजला असता. पोराला पोर म्हणून जी सूट मिळते, ती त्यानं सालांच्या चाकावर मागं टाकली होती. मी शेजारी बसून टाकू दिली होती. त्या शिव्या खरं तर माझ्या जन्मतारखेला दिलेल्या होत्या.

मी त्या नंबरवर फोन केला. भांडायच्या तयारीनंच केला. पलीकडं आधी शांतता, मग, “लेकरू हाय? अवो, मला काय माहीत. बोलण्यावरनं तर जाणता गडी वाटला. डीपीला बैल.” थोडं थांबून, “द्या त्येच्याकडं.”

काय बोलणं झालं ते मला एकाच बाजूनं ऐकू आलं. भाचा पहिली दोन मिनिटं नुसता ‘हो काका, हो काका’ करत होता. मग म्हणाला, “पण काका, ठिपका आहेच.” मग बराच वेळ पलीकडूनच बोलणं चाललं असावं, कारण हा हळूहळू भिंतीला टेकला, मांडी घातली आणि मध्येच विचारलं, “चौसा आहे म्हणता, पण फोटोत दात कुठं दाखवलेत?” बाजारात बैलाचं वय कुणी मालकाच्या तोंडून घेत नाही, बैलाचं तोंड उघडतात. दुधाचे दात असले तर आदत, दोन पडून आले तर दुसा, चार आले तर चौसा, सगळे आले की जुळला.

खातं आम्ही बंद केलं नाही. खरी तारीख टाकली असती तर फेसबुकनं केलंच असतं. फक्त बैलाच्या जागी त्याचा शाळेच्या गणवेशातला फोटो लावला, तेल लावून भांग पाडलेला. विचारणारे कमी झाले. थांबले मात्र नाहीत.

यंदा एक जूनला सकाळी दोघांचेही फोन वाजायला लागले. मला गल्लीतल्या माझ्यासारख्याच एक जूनवाल्यांचे संदेश, आणि त्याला बैलवाल्यांचे. मालक, हार्दिक शुभेच्छा. मालक, उदंड आयुष्य लाभो. तो एकेकाला हात जोडल्याचं चित्र पाठवत होता. अहमदपूरच्या काकांनी तेवढं लिहिलं होतं, “सातवीला किती पडले रे?”

त्या एकालाच त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.