मागच्या दाराची खाणावळ

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने न्यूयॉर्कच्या उंच इमारतींवर आणि नायगाराच्या धबधब्यावर लिहावे, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. माझी त्याला ना नव्हती. पण माझा भाचा पडला कापसाचा अभ्यासक. त्यामुळे सातासमुद्रापलीकडे जाऊन मी वऱ्हाडच्या माणसाने पाहिला तो कापूस!

थोरल्या बहिणीचा हा मुलगा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकला आणि पुढे मिसिसिपी राज्यातल्या स्टोनव्हिल गावच्या शेतकी संशोधन केंद्रात लागला. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधल्या सखल मुलखाला तिकडे ‘डेल्टा’ म्हणतात. नजर पोहोचेल तिथपर्यंत सपाट जमीन, वर मोकळे आभाळ, मधूनच एखादे एकटे झाड. आपण दर्यापूरहून अकोटकडे निघालो आहोत की काय, असे वाटावे! आणि हे नाते नुसत्या डोळ्यांचे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे अडवली गेली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तेव्हा त्यांनी तोंड वळवले ते हिंदुस्थानकडे. मुंबईत सोन्याचा धूर निघाला, वऱ्हाडातही चार पैसे खुळखुळले, ते त्याच चार वर्षांत. तिकडचा कापूस वेचणारे हात गुलामांचे होते. त्यांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकन लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, हे मी गेली वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. सांगत आलो आहे म्हणजे, परीक्षेत येते म्हणून सांगत आलो आहे.

एका शनिवारी संध्याकाळी भाचा म्हणाला, “मामा, आज बाहेर जेवू. ग्रीनव्हिलला एक जुनी जागा आहे. फक्त... ते स्टेकहाऊस आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे मांसाची खाणावळ. तिथला मुख्य पदार्थ गोमांस.”

आमचे घर वारकऱ्यांचे. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आणि चातुर्मासात आमच्याकडे कांदासुद्धा उंबरठ्याबाहेर थांबत असे. मी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिलो आणि मग हळूच विचारले, “तू खातोस?”

मोटारीचा वेग एकदम कमी झाला. “मामा, आईला सांगू नका.”

एवढा शास्त्रज्ञ मुलगा, पण क्षणभर त्याचा चेहरा आमच्या अंगणात काच फोडून उभ्या राहिलेल्या आठ वर्षांच्या पोराचा झाला. “चल,” मी म्हटले, “मला काही ना काही मिळेलच.”

ग्रीनव्हिलच्या नेल्सन रस्त्यावर ही जागा आहे. एके काळी हा रस्ता म्हणजे नीग्रो वस्तीचा बाजार, तिथल्या व्यापाराचे आणि ‘ब्लूज’ नावाच्या त्यांच्या व्याकूळ गाण्याचे माहेरघर. आज तो बराचसा ओस पडला आहे. मोटार थांबली ती एका पांढऱ्या, लाकडी, जुनाट घरापुढे. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी बंद पडलेले वाण्याचे दुकान असते, तसेच ते दिसत होते. नाव ‘डोज ईट प्लेस’. ‘डोची खाण्याची जागा’, बस्स! नावातही मसाला नाही.

दार ढकलून आत गेलो आणि गोंधळलो. वाटले, आपण चुकून भलत्याच दाराने आलो. समोर थेट स्वयंपाकघर! भट्टी धगधगत होती, तिच्यासमोरचा माणूस मांसाचे किलोकिलोचे तुकडे आत सारत होता. पुढच्या खोलीत चुलीवर काळ्याकुट्ट लोखंडी कढया, एकीकडे लाकडी परातीत लिंबू, लसूण आणि ऑलिव्हचे तेल घालून कोशिंबीर कालवणे चाललेले, आणि त्याच गर्दीत जेवणाऱ्यांची टेबले. एकीचा एकीशी मेळ नाही अशा खुर्च्या. ज्या घरात मी वाढलो, तिथे स्वयंपाकघर म्हणजे घराचा गाभारा. सोवळ्यावाचून आत पाऊल नाही. इथे प्रत्येक पाहुण्याची वरात आधी चुलीवरून जायची.

टेबलाशी बसल्यावर भाच्याने या घराची कथा सांगितली. १९०३ साली सिग्ना नावाच्या इटालियन कुटुंबाने इथे किराण्याचे दुकान घातले, बिऱ्हाड दुकानामागेच. १९२७ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीचा बांध फुटला आणि सारे ग्रीनव्हिल पाण्याखाली गेले. त्या पुरात गोरी माणसे बोटींनी सुखरूप बाहेर पडली, पण हजारो काळ्या मजुरांना बांधावरच ठेवण्यात आले. गेले तर परत येणार नाहीत आणि मग कापूस कोण वेचणार, अशी मळेवाल्यांना धास्ती! पुराने सिग्नांचे दुकानही बसले. घर सावरायला त्यांनी चोरून हातभट्टी लावली. पुढे ती तीनशे डॉलर आणि एक फोर्ड मोटार एवढ्यावर विकून टाकली. मग १९४१ च्या सुमारास घरातल्या डॉमिनिक ऊर्फ ‘डो’ सिग्नाच्या हाती तमालेची एक अर्धवट कृती लागली. त्याच्या बायकोने, मेमीने, ती सुधारली आणि तमाले विकायला सुरुवात केली. तमाले म्हणजे मक्याच्या पिठात मांसाचे सारण भरून, मक्याच्याच सालपटात गुंडाळून शिजवलेली वळकटी. सारण सोडले तर आपल्या कोकणातल्या पातोळ्यांची सख्खी मावसबहीण!

दुकानाच्या पुढच्या भागात डोने खाण्यापिण्याचा आणि गाण्याबजावण्याचा अड्डा काढला, तो खास काळ्या लोकांसाठी. त्या काळात मिसिसिपीत गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्या माणसाला पुढच्या दाराने प्रवेश नव्हता. अन्न हवे तर मागल्या बाजूने घ्या आणि चालू लागा. इथे मात्र चक्र उलटे फिरले. गावातला एक गोरा डॉक्टर रोगी तपासता तपासता मागच्या दाराने आत येई, आणि डो त्याला आतल्या खोलीत मांस भाजून वाढी. डॉक्टरने दुसरा डॉक्टर आणला, त्याने वकील आणला. पुढे काळे, मागे गोरे! बघता बघता मागच्या दाराची खाणावळ झाली. १९७४ मध्ये डोने ती मुलांच्या हाती सोपवली, आणि २००७ साली जेम्स बेअर्ड प्रतिष्ठानने अमेरिकेची अभिजात खाणावळ म्हणून तिचा सन्मान केला.

“गंमत आहे की नाही?” भाचा म्हणाला. मीही हसलो.

तेवढ्यात वाढणाऱ्या बाई आल्या. मी अवघडत म्हटले, “मी मांस खात नाही. कोशिंबीर आणि तळलेले बटाटे चालतील. पण बटाटे... वेगळ्या कढईत तळता येतील का?”

भाच्याची मान खाली गेली. बाईंनी कपाळाला आठी घातली नाही की कारण विचारले नाही. एक कढई घासली, चुलीवर ठेवली, आणि दहा मिनिटांत कुरकुरीत बटाटे माझ्यापुढे आणले. ते मी त्याच टेबलावर, भाच्याच्या ताटाशेजारी खाल्ले.

खाता खाता मला आठवला तो आमच्या गावच्या घरातला कानतुटका कप. मागच्या पडवीच्या कोनाड्यात तो पालथा असे. आमचा सालदार दुपारी मागच्या दाराशी येई, कप स्वतः काढी, आई वरून चहा ओती. तो पिई, कप विसळी आणि पुन्हा पालथा घाली. आमच्या घरात त्याला कधी कोणी वाईट बोलले नाही. म्हणूनच त्यात काही वावगे आहे, असे कोणाच्या मनातही आले नाही. माझ्याही नाही.

वेगळी कढई मीही मागितली होती. पण ती माझ्या पोटासाठी. तो कप त्या माणसासाठी वेगळा होता. माझी कढई माझ्या शेजारी कोणी बसावे हे ठरवत नव्हती. तो कप नेमके तेवढेच ठरवत होता.

आणि मग डोच्या गोष्टीतली गंमत माझ्या घशाशी अडकली. मागच्या दाराने येणाऱ्या त्या डॉक्टरला पुढचे दार कोणी बंद केले नव्हते. तो मागून आला तो हौसेने. चार पावलांवरचा काळा माणूस साऱ्या गावात मागून जाई तो कायद्याच्या धाकाने. दार तेच, पण ठोठावणाऱ्यागणिक त्याची उंची बदलते. आणि शेवट पाहा. मागची खाणावळ वाढत गेली, तसा पुढचा अड्डा बंद झाला. जे पुढच्या दाराने येत, त्यांचीच बैठक उठली. हॉटेलांची दारे कायद्याने सर्वांना उघडी झाली, ती १९६४ मध्ये. यात डोला दोष देण्यासारखे काही नाही. पुराने बुडालेल्या घराला चूल पेटती ठेवायची होती. पण दारांची ही उलथापालथ ऐकून हसताना हेही मोजायला हवे.

भाचा काटा तसाच हातात धरून माझ्याकडे पाहत होता. त्याच्यापुढे दोघांना पुरून उरेल एवढा मांसाचा तुकडा, अजून न कापलेला. “मामा, तुमच्यासमोर खाऊ ना?”

“खा रे बाबा. निवेल.”

यंदा दिवाळीला गावी गेलो. मागच्या पडवीत कोनाडा तेवढा आहे. कपाचे विचारले, तर आई म्हणाली, “तो केव्हाच फुटला.” कसा फुटला ते तिला आठवत नव्हते. कोणी मुद्दाम फोडला नव्हता, एवढे मात्र खरे. आणि त्याचेच मला वाईट वाटले.

चकल्या पाडता पाडता बहिणीने हळूच विचारले, “काय रे, तिकडे पोरगं जेवतं कुठे? खातं काय?”

“काळजी करू नकोस,” मी म्हणालो. “चुलीजवळ बसून, गरम गरम जेवतो.”