शिष्यवृत्तीची अट

पाषाण, पुणे
जून २०२५

प्रिय भाऊ,


परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. असे विषय घाईघाईत बोलण्यापेक्षा सावकाश लिहिलेले बरे, म्हणून हे पत्र.

लेक बारावीला बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आली आणि इन्स्पायर शिष्यवृत्तीसाठी पात्र ठरली, हे सांगताना तुझा आवाज भरून आला होता. पण पुढच्याच वाक्यात तू म्हणालास, "इंजिनिअरिंगला गेली तर हे पैसे मिळत नाहीत म्हणे. मग काय उपयोग?" आणि फोन ठेवता ठेवता, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं, ताई?" तुझ्या या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या शिष्यवृत्तीच्या अटीतच आहे, असं मला वाटतं.

आधी ही शिष्यवृत्ती काय आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये ती सुरू केली. वर्षाला ८०,००० रुपये, जास्तीत जास्त पाच वर्षं. त्यातले ६०,००० थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात आणि २०,००० उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी असतात. भौतिकशास्त्र, रसायन, गणित, जीवशास्त्र, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र, हवामानशास्त्र अशा मूलभूत विषयांत बी.एस्सी. किंवा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम करणाऱ्यांनाच ती मिळते. इंजिनिअरिंग आणि मेडिकलला नाही. तुला खटकते ती हीच अट.

ही अट आजची नाही. १९६३ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शोध योजना सुरू झाली, तेव्हा शिष्यवृत्त्या होत्या फक्त दहा. पुढच्या वर्षी ती देशभर गेली आणि आकडा ३५० झाला. निवड झालेल्या मुलांना डॉक्टरेटपर्यंत मदत मिळायची, पण मूलभूत विज्ञान शिकलं तरच. निवडीत लेखी परीक्षेबरोबर स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल असायचा आणि मुलाखतही असायची. १९७६ मध्ये ती योजना सामाजिक शास्त्रं, इंजिनिअरिंग, मेडिकल सगळ्यांना खुली झाली आणि नावातला 'विज्ञान' शब्द गेला. मग १९९९ मध्ये किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना आली, आणि पुढे तिलाही तीच अट लागली. पुण्यातल्या क्लासेसमध्ये 'केव्हीपीवाय' हा शब्द कितीतरी वर्षं घुमत होता. पण त्या यादीत नाव आलेली पुष्कळ मुलं शेवटी आयआयटीत गेली आणि शिष्यवृत्ती सोडून दिली. २०२२ मध्ये ती योजना इन्स्पायरमध्ये विलीन झाली.

साठ वर्षांत नावं बदलली, आकडे बदलले, पण सरकार हुशार मुलांना पुन्हा पुन्हा हीच अट का घालतं? कारण इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलामागे आईबाप उभे असतात, बँक उभी असते, कंपन्या उभ्या असतात. तारे कसे जन्मतात, प्रथिनांची घडी कशी पडते, मान्सून एखाद्या वर्षी का रुसतो, हे शोधू पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीमागे बाजार उभा राहत नाही. तिच्या कामाचं फळ कधी वीस वर्षांनी दिसतं, कधी दिसतच नाही. त्या मुलीच्या घरच्यांना थोडा धीर यावा, एवढ्यासाठी ही रक्कम आहे. ज्या वाटेला दुसरं कुणी पैसा लावत नाही, तिथे समाज आपल्या खिशातून लावतो. ही अट काढली तर योजनेत उरतं ते नुसतं बक्षीस.

रघुनाथ माशेलकरांची गोष्ट तुला ठाऊक असेल, पण या प्रसंगात ती पुन्हा आठवावी अशी आहे. गोव्यातल्या माशेलचा मुलगा. वडील लहानपणीच गेले, आईने मुंबईत पडेल ते काम करून शिकवलं. १९६० मध्ये मॅट्रिकला सव्वा लाखाहून अधिक मुलांत तो राज्यात अकरावा आला, आणि तरीही शिक्षण थांबवून नोकरी धरायची वेळ आली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टने दरमहा ६० रुपये दिले, सलग सहा वर्षं. त्या साठ रुपयांवर तो मुलगा पदवीधर झाला, पुढे डॉक्टरेट केली, १९७६ मध्ये इंग्लंडहून परतून आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आला, १९८९ मध्ये तिचा संचालक झाला. पुढे ते सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे महासंचालक असताना, १९९७ मध्ये, हळदीवरचं अमेरिकन पेटंट रद्द करून घेण्याची लढाई या देशाने जिंकली. तू म्हणशील, माशेलकर तर केमिकल इंजिनिअर. खरं आहे. पण ते पदवीवर थांबले नाहीत, संशोधनात राहिले. मला या गोष्टीत मोलाचं वाटतं ते ट्रस्टचं वागणं. या मुलाचं पुढे काय होणार, हे १९६० मध्ये कुणालाच माहीत नव्हतं. तरीही सहा वर्षं दर महिन्याला पैसे दिले गेले.

त्याहून जुनं उदाहरण पुण्याचंच आहे. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे फर्ग्युसनमधून पदवीधर झाले, सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँगलर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मोठ्या सरकारी पगाराची नोकरी त्यांना सहज मिळाली असती. ते परत फर्ग्युसनमध्ये आले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षं गणित शिकवत राहिले. एका माणसाला दिलेली शिष्यवृत्ती अशी पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचते.

आता तुझी खरी काळजी, पोटापाण्याची. ती रास्त आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. हिशेब असा. ६०,००० म्हणजे महिन्याला ५,००० रुपये. पुण्यात तेवढ्यात भागत नाही, तुला वरून घालावेच लागतील. ही रक्कम २००८ पासून तीच आहे, ती केव्हाच वाढायला हवी होती. सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा जमा होतात, तेव्हा पहिल्या वर्षाची सोय आपण आधीच करून ठेवायची. पाच वर्षांनंतर तिने पीएच.डी. धरली आणि नेट परीक्षा उत्तीर्ण होऊन फेलोशिप मिळवली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने सुरुवातीची दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. तिशीच्या आत गाडी-बंगला होणार नाही. मित्रांची मुलं तोवर दुप्पट-तिप्पट कमावत असतील, आणि लग्नकार्यात लोक विचारतील, "अजून शिकतेच का?" हे सगळं होईल, त्याची तयारी ठेव. पण ती उपाशी राहणार नाही, आणि पंचविशीनंतर तुझ्याकडे पैसे मागणारही नाही. या वाटेने गेलेली सगळीच मुलं शास्त्रज्ञ होत नाहीत. कुणी शिक्षक होतात, कुणी औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत जातात, कुणी हवामान खात्यात, कुणी बँकांच्या आकडेमोडीत. घट्ट गणित आणि नीट विचार करायची सवय असलेल्या माणसाला काम मिळतं.

माझ्या मते या शिष्यवृत्तीतली सर्वांत मोलाची गोष्ट ते ६०,००० नाहीतच. उन्हाळी प्रकल्पाचे २०,००० आहेत. मी इतकी वर्षं कॉलेजात रसायन शिकवलं. प्रॅक्टिकलला टायट्रेशनचं रीडिंग अपेक्षित आकड्याशी जुळेल असं लिहिणारी मुलं मी दर वर्षी पाहिली. ती लबाड नव्हती. उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि आपण ते गाठायचं असतं, हे आपणच त्यांना पहिलीपासून शिकवलेलं असतं. तुझ्या लेकीने बारावीला जे गुण मिळवले, ते याच शर्यतीतले आहेत. तीन तासांत, दुसऱ्याने काढलेल्या प्रश्नांना, छापील उत्तरं. विज्ञानात बरोबर उलटं असतं. प्रश्न आपला, उत्तर मार्गदर्शकालाही माहीत नाही, आणि दोन महिने खपून शेवटी हाती येतं ते असं की आपण मानत होतो तसं घडत नाही. हे ज्याला सहन होतं आणि त्यात गोडी वाटते, तो संशोधनात टिकतो. ते आपल्या अंगात आहे की नाही, हे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कळायची सोय या प्रकल्पाने केली आहे.

आणि त्यासाठी पुण्यासारखं गाव नाही. माझ्या घराजवळच्या रस्त्यावर १९५० मध्ये उभी राहिलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिला लागून २००६ मध्ये सुरू झालेली, मूलभूत विज्ञान शिकवणारी आयसर, थोडं पुढे मान्सूनचा अभ्यास करणारी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. नारळीकर स्वतः टाटा शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले होते. परतल्यावर शाळकरी मुलांसाठी त्यांनी आयुकाची दारं उघडली, स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगितलं की पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तर सहीसह येईल. गेल्या महिन्यात, २० मे रोजी, ते गेले. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारायला २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ती चालू झाल्यावर तिथे काम करणारी माणसं आज बारावी-तेरावीतच आहेत. त्यांत आपल्या घरातली एक मुलगी का नसावी?

एक गोष्ट मात्र तुला करायची आहे. तिच्याशी बोल, पण "तुला काय व्हायचंय?" असं विचारू नकोस. अठराव्या वर्षी त्याचं खरं उत्तर कुणाकडेच नसतं. अभ्यासक्रमात नसतानाही ती कशामागे लागते, ते विचार. ती म्हणाली की तिला यंत्रं बनवायला आवडतात, तर तिला खुशाल इंजिनिअरिंगला पाठव, मी एका शब्दाने अडवणार नाही. मन मारून घेतलेली शिष्यवृत्ती तिच्या कामाची नाही. पण दिवाळीत ती माझ्याकडे आली होती, तेव्हा आकाश निळं आणि मावळतीला तांबडं का, यावर रात्री जागून तिने मला जे प्रश्न विचारले, त्यावरून मला तिचं उत्तर माहीत आहे असं वाटतं.

तिने आयसरची प्रवेश परीक्षा दिलीच आहे. तिथे जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तरी फर्ग्युसन किंवा स. प. महाविद्यालयात बी.एस्सी. करूनही ही शिष्यवृत्ती घेता येते, त्यामुळे हिरमुसू नका. बोर्डाचं पात्रतेचं पत्र जपून ठेव, तिच्या नावाचं बँक खातं उघडून घे, आणि प्रवेश झाला की ऑनलाइन अर्ज मुदतीत भरायचा हे लक्षात ठेव. राहायला माझं घर आहेच.

भाऊ, इतके गुण मिळवून तिने आपलं काम चोख केलं आहे. आता तिला हवं ते शिकू दे. आषाढ लागायच्या आत तिला घेऊन पुण्याला ये.

तुझी,
ताई